चपलेएवढं अंतर

...तर गोल्फचा बॉल विहिरीत पडला आणि गेणबा विहिरीवर चिडला, इथवर काल आलो होतो.

विहिरीवर म्हणजे खरोखर विहिरीवर. काठावर उभा राहून तो तिला बोलत होता, "किती येळा सांगायचं, हितं तोंड उघडं टाकून बसू नगं म्हणून!" विहीर त्याच्याच आज्यानं खणलेली. तिच्यावर जाळी टाकायची असती तर ते काम गेणबाचंच होतं. पण राग आला की असला विचार त्याच्याजवळ फिरकत नसे. पलीकडच्या काठावर हौशीराम पोट धरून हसत होता.

"गेण्या, बॉल पडला तिथनं खेळायचा. साहेबाचा नियम हाय. उतर खाली!"

"उतरतो की! भितो काय तुझ्या बापाला?"

उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी तळाला गेलेलं. बॉल मधल्या टप्प्यावर दगडाच्या बेचक्यात अडकला होता. गेणबा उतरला, पाय रोवले आणि काठी फिरवली. बॉल समोरच्या भिंतीवर आपटून माघारी आला आणि नेमका त्याच्या कपाळावर बसला. वर मल्हार आणि ज्ञानू, खेळातले बाकीचे दोघे, हसून मातीत लोळायचे तेवढे बाकी राहिले. हौशीरामनं मात्र हसता हसताही वरून मोजलं, "एक फटका झाला बरं का!"

गेणबानं पुन्हा मारला, मग पुन्हा. बॉल बाहेर आला तोवर कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ उठलं होतं. तो होल गेणबा हरलाच. हौशीरामनं एक फटका सोडला नाही की गेणबानं मागितला नाही. त्या दिवशी हौशीराम दयेनं "जाऊ दे गेण्या, धर बरोबरी" असं म्हणाला असता, तर गेणबानं त्याला उचलून विहिरीत टाकला असता. दुपारी दोघं एका ताटात जेवले आणि अनसाबाईनं, गेणबाच्या बायकोनं, टेंगळाला हळद लावताना दोघांनाही सारख्याच शिव्या दिल्या.

ही गोष्ट लग्नाच्या आधीची. लग्न म्हणजे पोरांचं, ते पुढं येईलच.

गेणबा केंदूरचा, शिरूर तालुक्यातला. लहानपणी बापाच्या मागं मेंढरं घेऊन फिरलेला. पुढं मेंढरं गेली, कांदा आला, आणि गेणबा रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला लागला. हौशीराम भीमेपलीकडचा, दौंड तालुक्यातल्या राहूचा. तोही त्याच खात्यात. मल्हार आणि ज्ञानू केंदूरचेच. चौघांची शिफ्ट एक, डबा एक आणि साहेबही एकच, कोरियाहून आलेला. त्या साहेबाला गोल्फचं वेड. एकट्यानं खेळायला करमेना, म्हणून रविवारी या चौघांना गाडीत घालून न्यायचा. आधी पिशव्या उचलायला नेलं, मग हातात काठी दिली. मायदेशी परतताना जुन्या काठ्यांच्या दोन पिशव्या आणि गोणीभर बॉल त्यांच्याकडंच ठेवून गेला.

चौघांनी खेळ गेणबाच्या माळावर आणला. पहारीनं खड्डे घेतले, त्यांत पाईपचे तुकडे बसवले. साहेबाच्या मैदानात होलाभोवती मखमलीसारखं गवत असायचं, माळावर ते कुठून आणायचं? मग त्यांनी होलाभोवती खळी केली. पाणी मारलं, धुम्मसानं ठोकून जमीन घट्ट केली, शेणानं सारवलं. पूर्वी ज्वारी मळायला करायचे तशीच. त्या खळ्यावर बॉल असा सरळ घरंगळायचा की बघत राहावं. मधे मेंढीची लेंडी आली तर फुंकरीनं उडवायची, हात लावायचा नाही, हा नियम ज्ञानूनं घातला.

खेळायचे ते एकास एक, कुस्तीसारखं. एक होल जिंकला की एक चढ. शेवटी ज्याचे चढ जास्त, तो जिंकला. आणि त्यात साहेबानं शिकवलेली एक रीत होती. समोरच्याचा बॉल होलाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, आता कुणीही आत ढकलेल असं दिसलं, की आपण म्हणायचं, "दिला." म्हणजे मारायची गरज नाही, गेला असं धरलं. अगदी तोंडाशी म्हणजे किती, यावरून पहिल्याच रविवारी भांडण झालं. तेव्हा ठरलं, चपलेएवढं. होलापासून चप्पल ठेवायची. बॉल चपलेच्या आत असला तर द्यायचा, बाहेर असला तर खेळायचा.

मल्हार आणि ज्ञानू अंदाजानं द्यायचे. गेणबा आणि हौशीराम मात्र दर वेळी चप्पल काढायचे. चप्पल कुणाची, गेणबाची की हौशीरामची, नवी की झिजलेली, यावर ऊन उतरेपर्यंत वाद घालायचे. गेणबा संतापायचा, काठी फेकायचा, "तुझ्यासंगट पुन्यांदा खेळलो तर नावाचा गेणबा न्हाई" म्हणायचा, आणि पुढच्या रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी खळं झाडत असायचा. अनसाबाई म्हणायची, "ह्यांचा राग त्या हौशीभाऊजींवर जिरतो म्हणून माझं घर शाबूत हाय."

वर्षातून एकदा, थंडीत, चौघं खऱ्या मैदानावर जायचे. साहेबाच्या ओळखीवर पुण्यापलीकडच्या एका मैदानात त्यांना तेवढा एक दिवस खेळू देत. तिथं जो जिंकेल त्याच्या दाराला वर्षभर घंटा. ही घंटा गेणबाच्या बापाची, कळपातल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली, पितळी. कधी ती केंदूरला वाजायची, कधी राहूला.

आणि मग गेणबाची रुपाली हौशीरामच्या शंभूला दिली.

लग्न दोघांनी मिळून ठरवलं, हसतखेळत, माळावरच. पण सुपारी फुटली आणि दुसऱ्या दिवसापासून बोलण्याची चाल बदलली. गेण्याचा "इवाई", म्हणजे व्याही, झाला. अरेतुरे गेलं, अहोजाहो आलं. लग्नात हौशीरामच्या भावकीनं मानपानावरून नाकं मुरडली आणि गेणबा हात जोडून उभा राहिला. ज्यानं आयुष्यात कंडक्टरपुढं हात जोडले नव्हते, पाटलापुढं जोडले नव्हते, तो गेणबा! एकदा कंडक्टरनं आवाज चढवला म्हणून शिक्रापूरला एसटीतून उतरून केंदूरपर्यंत चालत आलेला माणूस. तो मांडवात घाम पुसत "गोड मानून घ्या" म्हणत फिरत होता.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी हौशीरामचा बॉल होलापासून हातभर लांब थांबला. गेणबानं सवयीनं चप्पल काढली. अनसाबाई चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "आवं, द्या की. मुलीकडचं हाय आपण."

"चपलेभाईर हाय!"

"पोर तिकडं नांदायची हाय. राग गिळा."

गेणबानं चप्पल पायात घातली. घसा खाकरला. "दिला," म्हणाला. चुना जास्त झालेलं पान तोंडात जावं तसं त्याचं तोंड झालं. हौशीराम क्षणभर चमकला, मग हसला आणि बॉल उचलून खिशात टाकला. त्या दुपारी गेणबानं परसातली वाळकी बाभूळ कारण नसताना फोडून काढली.

एकदा दिलं की पुढचं सोपं जातं, घेणाऱ्याला. हातभराचं काठीभर झालं. पुढं पुढं हौशीराम थांबेनासाच झाला. बॉल खळ्यावर आला की काठी काखेला मारायचा आणि गेणबाकडं बघायचा. गेणबा म्हणायचा, "दिला." एवढंच नव्हे, स्वतःचा बॉल होलाच्या तोंडाशी असला आणि तो गेला तर हौशीराम हरणार असं दिसलं, की गेणबाचा हात मुद्दाम वाकडा पडायचा. मल्हारनं एकदा विचारलं, "गेणबा, डोळ्याला दिसंनासं झालं का?" तर त्याच्यावर असा डाफरला की मल्हार महिनाभर माळावर फिरकला नाही.

घंटा राहूला गेली ती तिथंच राहिली. हौशीरामनं तर दारापुढं सरावाला स्वतःचं एक खळं करून घेतलं.

गेणबाचा मनाशी एक करार होता. आपण इथं हरतो, तिथं आपली पोर सुखात राहते. आपला राग आपण गिळतो, तेवढा तिच्या वाट्याचा कमी होतो. रुपाली केडगावच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, राहूहून स्कूटीवर जायची-यायची. फोनवर विचारलं की म्हणायची, "बरं चाललंय, आबा." गेणबा ते खरं धरायचा.

यंदाची सहल संक्रांतीच्या आधी निघाली. मल्हारची गाडी. पहाटे केंदूर सोडलं, तळेगाव ढमढेऱ्यावरून भीमा ओलांडली, राहूला हौशीरामला घेतलं. तो पुढच्या सीटवर बसला. ती जिंकणाऱ्याची सीट. वाटेत यवतला भजी खाल्ली तेव्हा त्यानं ज्ञानूला सांगितलं, "इवायांचं काय खरं न्हाई आता. हात कापाया लागल्यात त्यांचं." गेणबा भजं चावत राहिला. तिखट नव्हतं, तरी त्याच्या कानशिलावर घाम आला.

मैदान नेहमीसारखं हिरवंगार. फवारे चालू होते. गेणबाच्या कालव्याला पाण्याची पाळी कधी येणार याचा पत्ता नव्हता आणि इथं गवत आंघोळ करत होतं. त्याचाही राग आला, पण तो गेणबा दर वर्षी करायचा, त्यात नवं काही नव्हतं.

खेळ सुरू झाला. गेणबा देत गेला, हौशीराम घेत गेला. मधल्या वळणावर थोडं थांबावं लागलं, पुढचे लोक सावकाश खेळत होते. मागून एक टोपीवाले गृहस्थ आले, पुण्याचे, बोलायला मोकळे. त्यांनी विचारलं, "काय, कोण पुढे आहे?"

"मी हाय की दोन चढ!" हौशीराम म्हणाला. "हे आमचं इवाई. ह्यांची पोर आमच्या घरात दिलीय."

"अरे वा! मग चुरस असेल."

"चुरस कसली? लांबचं झकास मारत्यात, पर होलापाशी आलं की ढेपाळत्यात. शेवटच्या फुटात." हौशीराम खुशीत आला होता. ऐकणारा नवा मिळाला की तो असाच सैल सुटायचा. "आन् पोर बी तशीच हो! सरकारी लॅबच्या परीक्षेला बसली व्हती. लई अभ्यास केला. आन् थोडक्यात गेली! मी घरात म्हणतो तिला, गेणबाची लेक हाईस तू, शेवटच्या फुटात ढेपाळायचीच. आता तर आमच्यात तसंच म्हणायची रीत पडलीय. चहा उतू गेला तरी शंभूची आय म्हणती, गेणबाची लेक!"

गृहस्थ कसनुसं हसले. ज्ञानू खाली बघायला लागला.

गेणबाला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते असं कळलं की पायाखालचं गवत दिसेना. रुपाली परीक्षेला बसली होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. ती हरली, आणि हरल्यावर तिला त्या घरात त्याच्या नावानं बोललं गेलं. त्याच्या त्या मुद्दाम वाकड्या हातानं! ज्या बॉलांवर त्यानं तिचं सुख विकत घ्यायचं ठरवलं होतं, त्याच बॉलांचे दगड करून ते तिला मारले जात होते. रोज, चहा उतू गेला तरी.

"रुपालीनं सांगितलं न्हाई कधी," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"सांगायचं काय त्यात, इवाई? गमतीनं म्हणतो आम्ही."

मल्हार गेणबाला लहानपणापासून ओळखत होता. गेणबा ओरडला की काळजी नसते. गेणबाचा आवाज बारीक झाला की मल्हार दोन पावलं मागं सरकतो. तो सरकला.

गेणबा पुढच्या फटक्याला उभा राहिला. मारताना त्याची काठी अशी फिरली की हवा फाटल्यासारखा आवाज झाला. बॉल झाडांच्या शेंड्यांवरून गेला. होलापाशी आला तेव्हा त्यानं बॉलकडं असं बघितलं, जणू तोच ते बोलला होता, आणि ढकलला. आत. पुढच्या होलाला पुन्हा आत. हौशीरामचा एक चढ गेला, मग दुसराही गेला. वाटेत एकदा हौशीरामनं सवयीनं काठी काखेला मारली आणि थांबला. गेणबा दूर उभा राहून फवाऱ्याकडं बघत होता. शेवटी हौशीरामला खेळावं लागलं. बॉल जेमतेम गेला, कडेवर फिरून.

"इवाई, आज लई मनावर घेतलंय," तो म्हणाला.

गेणबा पुढं चालू लागला.

शेवटचा होल आला तेव्हा दोघं बरोबरीत. बरोबरी राहिली तर घंटा जिथं आहे तिथंच राहायची, ही जुनी रीत. गेणबाचा बॉल लांबून आला आणि दोन फटक्यांत आत पडला. हौशीरामला बरोबरी राखायला एकच फटका उरला होता. बॉल होलाच्या जवळ, अगदी जवळ. कुणीही म्हणालं असतं, दिला.

हौशीरामनं काठी काखेला मारली. हसला. "चला, घंटा राहूला! म्हणा इवाई."

गेणबा खाली बसला. सावकाश डाव्या पायातला बूट काढला. मोजा फाटका होता, अंगठा बाहेर. तसाच तो त्या मखमली गवतावरून चालत होलापाशी गेला आणि बूट ठेवला, टाच होलाच्या कडेला, टोक बॉलकडं. मागं ते टोपीवाले गृहस्थ येऊन थांबले होते. त्यांनी असा प्रकार त्या मैदानावर आधी पाहिला नसावा.

बॉल बुटाच्या टोकापुढं होता. चार बोटं पुढं.

"चपलेभाईर हाय," गेणबा म्हणाला. "खेळा."

"आवं, चार बोटं!" हौशीराम लाल झाला. "चार बोटांसाठी इवायाला खेळाया लावता? लोकांच्या म्होरं?"

"चार बोटंच हायत. शेवटच्या फुटातली. ढकला."

"ज्ञानू, सांग की ह्यांना! लग्नापासनं कवा असं केलं व्हतं का ह्यांनी?"

"न्हाई केलं," ज्ञानू म्हणाला, आणि त्यात तो कुणाची बाजू घेतोय हे कुणालाच समजलं नाही.

हौशीराम वाकला. किती तरी दिवसांत त्यानं शेवटचा फटका स्वतः मारला नव्हता. सगळे दिलेलेच. त्यानं ढकलला. बॉल होलाच्या कडेला लागला, अर्धा वेढा घेतला आणि बाहेर येऊन थांबला.

कुणी टाळी वाजवली नाही. गेणबानं बूट पायात घातला, नाडी बांधली. जिंकल्यावर नाचणारा माणूस, आज त्याच्या चेहऱ्यावर आनंदाची रेघ नव्हती. राग उतरलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर पुढची सीट रिकामी राहिली. हौशीराम मागं बसला आणि खिडकीकडं तोंड करून राहिला. जिंकून बसायला मिळालेल्या त्या सीटवर गेणबाही बसला नाही, तो दुसऱ्या खिडकीला. मधे ज्ञानू, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन. मल्हार एकटाच पुढं, ड्रायव्हर ठेवल्यासारखा.

"मला केडगावात सोडा," हौशीराम म्हणाला. "सुनंच्या मागं बसून जाईन. तुमच्या गाडीत न्हाई."

केडगावला लॅब सुटायची वेळ झालीच होती. रुपाली स्कूटी काढत होती. सासरा तोंड फुगवून उतरला, काठ्यांची पिशवी दोघांच्या मधे घेऊन तिच्या मागं बसला. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा गाडीच्या काचेतून बापाकडं. "कोण जिंकलं?" असं तिनं विचारलं नाही. पण तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. गेणबानं तो पाहिला. पोर लहान असताना मार खाऊन रडायची नाही, तेव्हा असाच तो कोपरा हलायचा.

मग राहूचा रुसवा सुरू झाला. घंटा आली नाही. फोन आला नाही. भोगी गेली, संक्रांत गेली, तिळगुळाला कुणी आलं नाही. रविवारी माळावर तिघंच. मल्हार म्हणाला, "खेळायचं का?" गेणबा म्हणाला, "कुणाशी?" आणि खळं झाडून घरी आला.

घरात अनसाबाईनं जीव नकोसा केला. "चार बोटांपायी! आवं, पोरीचा सासरा हाय त्यो! गुळाच्या पोळ्या केल्यात. डबा घिऊन जा, पाया पडा, चुकलं म्हणा. रुसवा मुलीकडच्यांनीच काढायचा असतो."

"त्यांनी माझ्या पोरीला काय बोलावं त्याला रीत न्हाई, आन् मी पाया पडायची तेवढी रीत हाय?"

"मग काय, पोर माघारी आणायची? राग घिऊन बसा तुम्ही!"

गेणबा गप्प झाला. गप्प झाला की तो विचार करतो, आणि विचार केला की राग वाढतो. एरवी तो राग बाभळीवर, विहिरीवर, कंडक्टरवर काढून मोकळा व्हायचा. या वेळी त्यानं बाभळीला हात लावला नाही. राग जपून ठेवला. शेवटी म्हणाला, "दे डबा."

अनसाबाईला हायसं वाटलं. मोटरसायकलला डबा अडकवून दिला. दुसऱ्या बाजूला त्यानं छोटी काठी बांधली, होलापाशी ढकलायची, ती तिला दिसली नाही.

राहूत पोचला तेव्हा उन्हं कलली होती. हौशीरामच्या दाराला घंटा टांगलेली, वाऱ्यानं हलत होती. बापाची घंटा. ओसरीवर खाटेवर हौशीराम पाठ करून पडलेला. आपला रुसवा काढायला कोण आलंय ते मोटरसायकलच्या आवाजावरून त्यानं ओळखलं असणार, कारण त्यानं चादर वर ओढली.

रुपाली दारात आली. डबा हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, गोड बोलायला आला असाल तर चहा घ्या आन् जा माघारी."

"परीक्षेचं मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही मागल्या साली घंटा मुद्दाम हरलात, ते मला सांगितलं व्हतं का?"

गेणबानं मान खाली घातली. मग वर केली. "पुन्हा बसणार हाईस?"

"फॉर्म भरलाय."

ती आत गेली नाही. डबा धरून दारातच उभी राहिली, घंटेच्या खाली.

खाटेवर हालचाल झाली. हौशीराम उठून बसला, डोक्यावरचं पांघरूण सावरलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. रुसवा लांबला की रुसणाराच आतून खंगतो, तसं त्याचं झालं होतं. पण शेजारी दारात येऊन उभे होते, आणि मुलाकडचा बाप असल्याचं त्याच्या अंगातून अजून गेलं नव्हतं. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय इवाई? घंटा न्यायला आलात, का चुकलं म्हणायला आलात?"

गेणबानं मोटरसायकलला बांधलेली छोटी काठी सोडली. अंगणातल्या त्या सारवलेल्या खळ्यावर जाऊन उभा राहिला. पायातली चप्पल काढली आणि होलाच्या कडेला आडवी ठेवली. मग हौशीरामच्या डोळ्यांत बघून, लग्नानंतर पहिल्यांदा त्याचं जुनं नाव घेऊन, तो म्हणाला:

"चुकलं. माझंच चुकलं, हौश्या. पोर दिली तवापासनं तुला हातभराचे, काठीभराचे बॉल फुकट देत बसलो, आन् त्याची बोलणी माझ्या लेकीनं खाल्ली. आता तिच्या देखत सांगतो, चपलेच्या आत असला तर देईन, चपलेभाईर बोटभर बी देणार न्हाई, तू इवाई अस न्हाईतर कोण बी अस. घंटा मी जिंकलेली हाय, पर तुला पटत नसंल तर काढ ती, ठिव हितं मधी, आन् ऊठ, उजेड हाय तवर पुन्हा खेळ माझ्याशी."